युरोपात रेल्वे पास घ्यावा की सुटी तिकिटं?

पॅरिस, इंटरलाकेन, मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. टूर कंपनीशिवाय पहिल्यांदा युरोपला निघालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांचा मार्ग थोड्याफार फरकाने असाच असतो. आणि युरेल पासाचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या गाड्यांत चालणाऱ्या एकाच पासाचा, फायदा सगळ्यात कमी होतो तो नेमका ह्याच मार्गावर.

पास म्हटलं की आपल्याला लोकलचा पास आठवतो. एकदा काढला की येईल त्या गाडीत चढायचं. फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत हे चालत नाही. पास असूनही जागा आरक्षित करावी लागते आणि तिचे पैसे वेगळे पडतात. इटलीच्या फ्रेच्चारोसाला माणशी दहा-पंधरा युरो, फ्रान्सच्या टीजीव्हीला साधारण दहा ते वीस, लंडनला जाणाऱ्या युरोस्टारला त्याहून बरेच जास्त. शिवाय काही गाड्यांत पासवाल्यांसाठी मोजक्याच जागा असतात. मे-जूनच्या सुट्टीत त्या संपल्या, की हातात पास असूनही पुढची गाडी शोधत बसायची.

आता हिशेब. महिन्याभरात कुठलेही सात दिवस वापरता येणारा दुसऱ्या वर्गाचा युरेल ग्लोबल पास मोठ्या माणसाला अलीकडे साधारण ३८० युरोंच्या घरात पडतो. म्हणजे प्रवासाचा एक दिवस सुमारे ५५ युरोंना, आरक्षण वेगळं. इटलीत मात्र २०१२ पासून सरकारी ट्रेनइटालियासमोर खासगी इटालो उभी आहे. त्या चढाओढीमुळे फ्लॉरेन्स ते रोम किंवा मिलान ते व्हेनिसचं तिकीट काही आठवडे आधी घेतलं तर बऱ्याचदा वीस-तीस युरोंत मिळून जातं. फ्लॉरेन्सहून पिसाला जायचं तर साध्या रेजिओनाले गाडीला दहाएक युरो पुरतात, तेही अगदी त्या दिवशी काढलं तरी. अशा प्रवासावर पासाचा दिवस खर्च करणं मला तरी उधळपट्टी वाटते.

जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम, नेदरलँड्स ह्या पट्ट्यात गणित उलटं होतं. तिथल्या बहुतेक गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही, त्यामुळे पास खरोखर पासासारखा वागतो. आयत्या वेळी घेतलेलं म्युनिक-बर्लिनचं पूर्ण दराचं तिकीट दीडशे युरोंच्या वर जाऊ शकतं. त्यात जर्मन गाड्यांच्या वक्तशीरपणाची ख्याती आता जुनी झाली. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर धावल्या. स्वस्त तिकीट ठरलेल्या गाडीपुरतंच असतं. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर उशिरामुळे जोडगाडी चुकली तरी पुढच्या गाडीने जाऊ देतात. पण दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर दुसऱ्याचे पैसे बुडण्याची भीती असते. पासवाला सरळ पुढच्या गाडीत बसतो.

पण आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी युरोपीय किंवा अमेरिकन प्रवाशांच्या सल्ल्यात सापडत नाही: शेंगेन व्हिसा. अर्जासोबत कुठल्या रात्री कुठे राहणार हे द्यावं लागतं, म्हणजे पास विकताना जे 'मन मानेल तिकडे' सांगतात त्यातलं अर्धं स्वातंत्र्य मुंबईतच संपलेलं असतं. तारखा ठरल्यात म्हटल्यावर सुटी तिकिटं घ्यावीत हे उघड आहे. पण व्हिसा हातात पडेपर्यंत परत न होणारी तिकिटं काढणं धोक्याचं, आणि तोवर थांबलात तर स्वस्त दर गेलेले असतात. इथे पास कामाला येतो. नेहमीच्या दराने घेतलेला, अजून सुरू न केलेला पास काही रक्कम कापून परत करता येतो. सेलमध्ये घेतलेल्याच्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी वाचा. माझा सल्ला असा: शक्य तितका लवकर, म्हणजे प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो तेव्हाच करून टाका आणि व्हिसा आला की त्याच आठवड्यात तिकिटं घ्या. अपॉइंटमेंटच उशिरा मिळाली, तर पासाचा विचार करा.

स्वित्झर्लंडचं खातं वेगळं मांडा. युंगफ्राउयोखला जायचंच असेल (आपल्याकडचं कोण जात नाही?) तर डोंगरावरच्या गाडीला युरेल पासावर फक्त २५ टक्के सूट मिळते. स्विस ट्रॅव्हल पासावरही तेवढीच. महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड मात्र तिथेही निम्म्यात नेतं, आणि देशभरातल्या बहुतेक गाड्या, बस, बोटींनाही. तीन-चार दिवस एकाच गावी मुक्काम ठेवून डोंगर करणाऱ्यांनी ते घ्यावं. रोज शहर बदलणाऱ्यांनी ट्रॅव्हल पास बघावा, त्यात बोटी, शहरातल्या ट्राम आणि कितीतरी संग्रहालयंही येतात.

मुलं असतील तर पारडं पासाकडे झुकतं: अकरा वर्षांपर्यंतची दोन मुलं एका मोठ्या माणसासोबत फुकट, आरक्षणाचे पैसे तेवढे द्यायचे. सत्तावीसपर्यंतच्या तरुणांना बरी सूट आहे, साठीपुढच्यांना थोडी.

मुलगा किंवा मुलगी तिकडेच नोकरीला असेल तर एक बारकावा. पासपोर्ट भारतीय असला तरी युरोपात राहणाऱ्याने इंटररेल (तिथल्या रहिवाशांसाठीचा तसाच पास) घ्यायचा, आणि पुण्याहून आलेल्या आईबाबांनी युरेल. इंटररेलवर स्वतःच्या राहत्या देशात फक्त एकदा बाहेर पडण्याचा आणि एकदा परतण्याचा प्रवास मिळतो, म्हणजे म्युनिकच्या मुलाला जर्मनी फिरवायला तो निरुपयोगी. म्युनिकहून साल्झबर्गला तर दोन्ही पास बाजूला ठेवा. पाच जणांपर्यंत एकत्र चालणारं एका दिवसाचं बायर्न-तिकीट (म्युनिक ज्यात येतं त्या बव्हेरिया राज्याचं) ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग स्टेशनपर्यंत चालतं. फक्त कामाच्या दिवशी नऊनंतर निघायचं आणि प्रादेशिक गाडीतच बसायचं.