हिरवी आणि लाल पावडर: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी फळाभाज्यांच्या दोन पावडरी नियमित वापरात आहेत. हिरव्या पाकिटात शेवग्याचा पाला, पालक, गव्हांकुर, स्पिरुलिना (पाण्यात वाढणारे सूक्ष्म निळे-हिरवे शेवाळ), ब्रोकोली अशी तीसेक नावे आहेत, तर लाल पाकिटात बीट, गाजर, टोमॅटो, डाळिंब आणि आवळा आहे. दोन्हींचे एका वेळेचे प्रमाण पाच ग्रॅम सांगितलेले आहे. मी रक्तदाबाची गोळी घेते, सुनेचे हिमोग्लोबिन कमी असते आणि घरात पालेभाजी रोज होतेच असे नाही, या तीन कारणांनी आम्ही त्या आणल्या. कंपन्यांची नावे मी देत नाही, कारण मला लिहायचे आहे ते त्यांतील घटकांविषयी, आणि तेच घटक बाजारातल्या बहुतेक पाकिटांत आहेत.

सर्वांत आधी पाच ग्रॅमचा हिशोब करावा. भाजीत पाण्याचा अंश मोठा असतो, त्यामुळे ती वाळवली की दहा भागांतून साधारण एकच भाग उरतो. म्हणजे शुद्ध भाजीची पाच ग्रॅम पावडर ही फार तर मूठभर ओल्या भाजीएवढी होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत असे सांगितले आहे. चमचाभर पावडर त्या ताटाच्या एका कोपऱ्याइतकीच आहे. शिवाय पाच ग्रॅममध्ये तीस घटक बसवायचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १६७ मिलिग्रॅम येतात. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, त्यामुळे पहिल्या चार-पाच नावांनंतरचे जे काही असते ते बहुधा चिमूटभरही नसते. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर ज्यांची चित्रे मोठी होती, ती ब्लूबेरी आणि ब्रोकोली आमच्या यादीत अगदी तळाशी आहेत.

शेवग्याच्या पाल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. कोकणात गोकुळाष्टमीला त्याची भाजी आवर्जून करतात आणि पोषणाच्या दृष्टीने तो खरोखरच समृद्ध आहे. मात्र ‘दुधाच्या कितीतरी पट कॅल्शियम, संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व’ ही जी वाक्ये सर्वत्र छापलेली असतात, त्यांत शंभर ग्रॅम पाल्याची (कॅल्शियमसाठी बहुधा वाळक्या, क जीवनसत्त्वासाठी ताज्या) तुलना शंभर ग्रॅम दुधाशी किंवा संत्र्याशी केलेली असते. पेलाभर दूध आपण सहज पितो, शंभर ग्रॅम पाल्याची पावडर मात्र कोणी एका दिवसात खात नाही. लोहाचेही तसेच आहे. या पावडरीत शंभर ग्रॅममागे २८ मिलिग्रॅम लोह असते असे सामान्यतः सांगितले जाते. तो आकडा जसाच्या तसा धरला आणि पाकिटात निव्वळ शेवगाच आहे असे मानले, तरी पाच ग्रॅममधून १.४ मिलिग्रॅम मिळते, आणि प्रजननक्षम वयाच्या स्त्रीसाठी पोषण संस्थेची शिफारस दिवसाला २९ मिलिग्रॅमची आहे. वनस्पतींतले लोह शरीरात कमी शोषले जाते, त्यातही जेवणाबरोबर चहा घेतला तर आणखी कमी. सुनेच्या हिमोग्लोबिनमध्ये पावडरीने फरक पडला नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर तो पडला. हे मी आवर्जून लिहिते आहे, कारण रक्त वाढवण्यासाठी म्हणून ही पावडर घेणाऱ्या आणि त्यापायी तपासणी लांबणीवर टाकणाऱ्या स्त्रिया माझ्या ओळखीत आहेत.

स्पिरुलिनाच्या बाबतीत तर मला खरी काळजी वाटते. शाकाहारी माणसांना ब-१२ जीवनसत्त्वाचा स्रोत म्हणून ती सुचवली जाते, परंतु तिच्यात जे आढळते ते बहुतांशी ब-१२सारखे दिसणारे असे संयुग आहे की ज्याचा मानवी शरीराला उपयोग होत नाही. आपल्याकडे शाकाहारी घरांत ब-१२ची कमतरता सर्रास आढळते आणि ती दुर्लक्षित राहिली तर मज्जातंतूंवर परिणाम होतो. दूध-दही, डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इंजेक्शन यांची जागा स्पिरुलिना घेऊ शकत नाही.

लाल पावडरीतला बीट हा माझ्या मते दोन्ही पाकिटांतला सर्वांत अभ्यासलेला घटक आहे. बिटात नायट्रेट भरपूर असते. जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होते, ज्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. ही साखळी तोंडात सुरू होत असल्याने जंतुनाशक माउथवॉशने चुळा भरणाऱ्यांना बिटाचा हा लाभ कमी मिळतो, ही गोष्ट मला फार लक्षणीय वाटली. बिटाच्या रसाने वरचा रक्तदाब काही अंकांनी उतरल्याचे प्रयोगांत दिसले आहे, पण त्या प्रयोगांत बहुधा दिवसाला ३०० ते ५०० मिलिग्रॅम नायट्रेट पोटात जाईल इतका रस दिलेला असतो. आमच्या पाकिटावर नायट्रेटचा आकडाच नाही, आणि तो नसेल तर पावडर कितपत उपयोगी आहे हे सांगता येत नाही. घरच्या यंत्रावरील माझ्या नोंदींत ठळक उतार नाही. सकाळी टेकडी चढताना दम कमी लागतो असे मला वाटले खरे, परंतु त्याच काळात थंडी सुरू झाली होती आणि माझे चालणेही वाढले होते, त्यामुळे त्याचे श्रेय मी बिटाला देत नाही. लघवीला लालसर रंग आला तर घाबरू नये. बिटाने काहींना तसे होते आणि ते निरुपद्रवी असते. रक्तदाबाची गोळी मात्र पावडरीच्या भरवशावर कोणीही स्वतःहून कमी करू नये.

आवळ्याबाबत मी ताज्या फळाच्याच बाजूने आहे. क जीवनसत्त्व उष्णता, हवा आणि प्रकाश यांनी घटते. आपल्याकडील अन्नघटकांच्या कोष्टकात शंभर ग्रॅम आवळ्यात सुमारे २५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले आहे. म्हणजे तीस ग्रॅमचा एक आवळा ७५ मिलिग्रॅम देतो आणि स्त्रीची दिवसाची ६५ मिलिग्रॅमची गरज त्यातच भागते. आमच्या लाल पाकिटावर क जीवनसत्त्वाचा आकडा उत्तम आहे, पण घटकांत अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल (म्हणजे क जीवनसत्त्वच) वेगळे लिहिलेले आहे, तेव्हा तो आकडा आवळ्याचाच आहे असे म्हणता येत नाही. त्याच यादीत माल्टोडेक्स्ट्रिन दुसऱ्या क्रमांकावर आहे. फळांचा रस गरम हवेत फवारून वाळवताना त्यातल्या साखरेमुळे तो चिकटतो, म्हणून हा पिष्टजन्य पदार्थ मिसळतात. त्यात गैर काही नाही, मात्र तो रक्तातली साखर झपाट्याने वाढवतो, हे मधुमेही माणसाने लक्षात ठेवायला हवे.

गाजर-टोमॅटोतली केशरी-लाल रंगद्रव्ये स्निग्ध पदार्थाबरोबर चांगली शोषली जातात, म्हणून मी पावडर नुसत्या पाण्यातून घेणे सोडून वरणात तुपाबरोबर किंवा थालीपिठाच्या पिठात घालू लागले. ब्रोकोलीतले सल्फोराफेन हे गुणकारी मानले जाणारे संयुग तयार होण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) उष्णतेने निकामी होते, आणि चिमूटभर मोहरीची पूड घातली तर ते विकर मोहरीतून मिळते. ब्रोकोली शिजवताना हे जरूर करावे. आमच्या पाकिटात ती इतकी थोडी आहे की तिथे तसे करण्यात अर्थ नाही.

काही जणांनी या पावडरींपासून दूर राहावे. आमच्या थोरल्या दिरांची हृदयाची झडप बदललेली असून ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व बरेच असते आणि ते वॉरफेरिन, अ‍ॅसेनोकुमरॉल या गोळ्यांच्या परिणामाला छेद देते, म्हणून त्यांना आम्ही हिरवी पावडर दिली नाही. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पालक आणि बीट यांतील ऑक्झॅलेटचा, म्हणजे खडे होण्यास हातभार लावणाऱ्या घटकाचा, विचार करावा. पालेभाज्या जमिनीतून शिशासारखे जड धातूही ओढून घेतात आणि वाळवल्यावर त्यांचे प्रमाण वजनामागे वाढते, त्यामुळे प्रत्येक उत्पादन-खेपेचा तपासणी अहवाल जो विक्रेता दाखवतो, त्याच्याकडूनच घेणे मला योग्य वाटते.

पोटाच्या बाबतीत अपेक्षेइतका लाभ झाला नाही. चमचाभर पावडरीत तंतुमय पदार्थ एक-दीड ग्रॅम असतात आणि दिवसाची गरज सुमारे तीस ग्रॅमची आहे. गवार, शेंगा, पेरू, ज्वारीची भाकरी यांनी जे होते ते यातून होत नाही.

हिरवे पाकीट संपले की मी पुन्हा आणणार नाही. त्याऐवजी पाला मिळेल तेव्हा निवडून सावलीत वाळवते आणि आमटीत टाकते, जसे आमच्याकडे आवळकाठी आणि हरभऱ्याची वाळवलेली भाजी वर्षभरासाठी ठेवण्याची पद्धत आहेच. प्रवासात आणि भाजी न मिळणाऱ्या गावी मुक्काम असताना लाल पावडर सोयीची आहे, म्हणून ती ठेवणार आहे, पण नायट्रेटचे प्रमाण छापणारी आणि फक्त बिटाची. ती मी लहान पाकिटातच घेईन, कारण मोठा डबा वजनामागे स्वस्त पडला तरी दमट हवेत आठवड्यांतच गुठळ्या झाल्या आणि रंग विटला.