स्कायरिम, तूसाँ, एल्डन रिंग की लियुए: फिरण्यासाठी कोणते जग निवडावे?

काल्पनिक जगाचा एखादा व्हिडिओ गेम केवळ फिरण्यासाठी, म्हणजे लढाई आणि कथा दुय्यम मानून तिथली स्थळे पाहण्यासाठी घ्यायचा असेल, तर पहिला प्रश्न चित्रांच्या दर्जाचा नसून वेळेचा असतो. महाप्याच्या किंवा ऐरोलीच्या ऑफिसातून सुटून घोडबंदर रस्त्याच्या कोंडीतून घरी पोहोचणाऱ्या माणसाला जेवणानंतर जेमतेम दीड तास मिळतो. तेवढ्यात गेमने त्याला एखाद्या डोंगरमाथ्यावर किंवा तळ्याकाठी नेऊन उभे केले नाही, तर ते जग कितीही देखणे असले तरी त्याच्या फारसे कामाचे नाही. म्हणून या तुलनेत मी स्थळाच्या सौंदर्याइतकेच दोन गोष्टींना महत्त्व दिले आहे: तिथवर पोहोचायला किती खटाटोप पडतो, आणि पोहोचल्यावर तो गेम आपल्याला स्वस्थ उभे राहू देतो की नाही. माझ्या मते दुसरी गोष्ट अधिक निर्णायक आहे.

तुलनेसाठी चार जगे घेतली आहेत. बेथेस्डाचा ‘स्कायरिम’ २०११ मधला आहे. ‘द विचर ३’ हा सीडी प्रोजेक्ट रेडचा गेम २०१५ मध्ये आला आणि त्याच्या ‘ब्लड अँड वाइन’ या २०१६ च्या विस्तारात (मूळ गेमला जोडलेल्या नव्या भागात) तूसाँ हा प्रांत मिळतो. लियुए हा प्रदेश ज्यात आहे तो होयोव्हर्सचा ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ २०२० चा, तर फ्रॉमसॉफ्टवेअरचा ‘एल्डन रिंग’ २०२२ चा. झेल्डा मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ मुद्दाम वगळला आहे, कारण त्यासाठी निन्टेंडोचेच यंत्र लागते. ते ज्याच्या घरी आहे त्याने बाकीचा विचार बाजूला ठेवून आधी तो गेम खेळावा.

दिवसाउजेडी पाहण्याच्या स्थळांत खरी स्पर्धा स्कायरिममधला रिफ्ट हा परगणा आणि तूसाँ यांच्यात आहे. रिफ्ट नकाशाच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. पांढऱ्या खोडांची झाडे, त्यांवर पिवळी-केशरी पाने आणि मधोमध पसरलेले होनरिक सरोवर हे तिथले दृश्य. आपल्याकडे येऊरच्या रानात पानगळ होते ती उन्हाळ्याच्या तोंडावर, तीही धूळ आणि वणव्यांच्या धास्तीसह. थंड हवेतले सोनेरी रान आपल्या डोळ्यांना परकेच आहे आणि रिफ्टचे निम्मे आकर्षण त्या परकेपणात आहे. व्हाइटरन शहराच्या तबेल्याजवळून रिफ्टमधल्या रिफ्टन शहराला जाणारी घोडागाडी मिळते, त्यामुळे नवा खेळाडूही पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच तिथे पोहोचू शकतो. वाटेत अस्वले भेटतात, पण काठिण्यपातळी केव्हाही कमी करता येते, गेम हवा तिथे थांबवता येतो आणि जवळपास कुठेही सेव्ह करता येतो.

तूसाँ अधिक देखणे आहे, हे मान्य करायलाच हवे. मूळ विचर ३ मधला वेलेन हा युद्धाने उजाड झालेला, दलदलीचा आणि फासावर लटकणाऱ्या प्रेतांचा मुलूख आहे. त्यानंतर युद्धाची झळ न लागलेल्या तूसाँमध्ये शिरताना उतारांवरचे द्राक्षमळे, चकचकीत चिलखतातले सरदार आणि टेकडीवरचा बोक्लेरचा शुभ्र राजवाडा पाहून माणूस काही काळ कामच विसरतो. नायक गेराल्टला तिथे कोर्व्हो बियांको नावाचा स्वतःचा मळाही मिळतो. मात्र दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे हा विस्तार मूळ कथेच्या शेवटाकडच्या अनुभवी पात्रासाठी रचलेला आहे. मुख्य मेनूतून तयार पात्र घेऊन थेट तूसाँपासून सुरुवात करता येते, पण मग वेलेनचा चिखल न तुडवता तूसाँचे ऊन मिळते आणि त्या उन्हाची किंमत थोडी कमी होते. दुसरी अडचण नकाशावरच्या प्रश्नचिन्हांची आहे. ती दिसली की पाहणारा प्रवासी राहत नाही, हजेरीपुस्तक भरणारा कारकून होतो. सुदैवाने सेटिंगमध्ये जाऊन कोपऱ्यातला छोटा नकाशा बंद करता येतो आणि तो बंद केल्याशिवाय तूसाँ पाहूच नये, असे मी म्हणेन. डिसेंबर २०२२ च्या मोफत अद्ययावत आवृत्तीत फोटो मोडही आला आहे, आणि छायाचित्रांची आवड असणाऱ्यांसाठी एवढे एक कारण पुरेसे ठरावे.

या दोन्हींपेक्षा अधिक विचार करावा असे स्थळ जमिनीखाली आहे. किंबहुना तशी दोन आहेत, आणि ती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर या गेमांचे स्वभाव जितके उघड होतात तितके इतर कशानेही होत नाहीत.

स्कायरिममधले ब्लॅकरीच हे एक अवाढव्य भुयार आहे. लुप्त झालेल्या ड्वेमर लोकांनी उभारलेले मनोरे, घरांहून उंच निळसर चमकणाऱ्या अळंब्या आणि छताला टांगलेला एक नारिंगी गोळा, जो त्या नगरीचा कृत्रिम सूर्य आहे. त्या गोळ्याकडे तोंड करून ‘अनरिलेंटिंग फोर्स’ ही जादुई गर्जना केली की एक ड्रॅगन अवतरतो. हे कोणी सांगितल्याशिवाय सहसा कळत नाही, म्हणून येथे सांगून ठेवले. ब्लॅकरीचला जाण्याच्या वाटा आल्फ्टँडसारख्या ड्वेमर अवशेषांतून जातात. त्या लांब आहेत, यंत्रांनी आणि फाल्मर नावाच्या आंधळ्या, जमिनीखाली राहणाऱ्या शत्रूंनी भरलेल्या आहेत आणि दीड तासाच्या बैठकीत हा टप्पा क्वचितच पुरा होतो. आत पोहोचल्यावरही फाल्मर पाठ सोडत नाहीत. पण ते आंधळे असल्याने हळू, वाकून चालणाऱ्याला पुष्कळदा टाळता येतात, आणि एकदा वस्ती मोकळी केली की त्या निळ्या उजेडात हवे तितके रेंगाळता येते. लाल निर्नरूट नावाची तीस रोपे गोळा करण्याचे एक कामही तिथे मिळते. एरवी असली कामे मला कंटाळवाणी वाटतात, पण या कामामुळे भुयाराचा कानाकोपरा आपोआप पाहून होतो.

एल्डन रिंगमधल्या सिओफ्रा नदीचा प्रकार याच्या उलट आहे. गेमच्या पहिल्याच प्रदेशात, लिमग्रेव्हच्या पूर्वेकडच्या मिस्टवूड या रानात, एक पडकी विहीरवजा इमारत आहे. तिच्यातल्या लिफ्टवर उभे राहिले की ती खाली जाऊ लागते आणि अपेक्षेपेक्षा बराच वेळ खाली जातच राहते. मग डोक्यावर, जिथे दगडाचे छत असायला हवे तिथे, जांभळ्या-निळ्या ताऱ्यांचे आकाश उघडते. त्याखाली मोडके खांब, उथळ पाणी आणि दूरवर पसरलेले जुने नगर. मुलुंड चेकनाक्यापासून कासारवडवलीपर्यंत रात्रीच्या दिव्यांत बोटांवर मोजण्याइतकेच तारे दिसतात, त्यामुळे ठाणेकराला हे भूमिगत आकाश जरा अधिकच लागते. विशेष म्हणजे इथे येण्यासाठी कोणताही मोठा शत्रू हरवावा लागत नाही. वाट माहीत असेल तर पहिल्या बैठकीतच घोड्यावरून दौडत इथवर येता येते. पोहोचण्याच्या निकषावर सिओफ्राने ब्लॅकरीचला सहज मागे टाकले आहे.

मात्र उभे राहण्याच्या निकषावर चित्र पालटते. सिओफ्राच्या काठावर शिंगधारी शिकारी आहेत आणि ते इतक्या लांबून चमकते बाण सोडतात, की बाण लागल्यावरच त्यांचे अस्तित्व कळते. एल्डन रिंगमध्ये काठिण्यपातळी निवडण्याची सोय नाही, आणि नेहमीच्या मेनूने गेम थांबतही नाही. आईने जेवायला हाक मारली तर गेममधून बाहेर पडणे एवढाच सुरक्षित मार्ग राहतो. जग पाहायला निघालेल्या माणसाला हा गेम सतत बजावत असतो की इथे तो पाहुणा नाही. सुरुवातीच्या दारातून बाहेर पडून सोनेरी महावृक्षाचे पहिले दर्शन घ्यावे, आणि चार पावलांवर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार भाल्याच्या एका फटक्यात आपल्याला लोळवतो. तरीही न्यायाने सांगायचे तर याच भीतीमुळे सिओफ्राचे तारे लक्षात राहतात. तिथल्या आठ ज्योती पेटवल्यावर एका तेजस्वी, मृगासारख्या पूर्वजात्म्याशी गाठ पडते. या गेममधला तितका सुंदर सामना मी दुसरा पाहिलेला नाही. ज्याला सौंदर्य आणि धास्ती एकत्र चालते, त्याने सिओफ्रा निवडावी. ज्याला दिवसभराच्या धास्तीतून सुटका हवी आहे, त्याने ब्लॅकरीचची लांब वाट धरावी. एल्डन रिंगमधली आल्टस पठाराची पिवळी कुरणे आणि लेंडेल राजधानीही नेत्रदीपक आहेत, परंतु पठारावर जाणाऱ्या भव्य लिफ्टसाठी पदकाचे दोन तुकडे शोधावे लागतात आणि राजधानीच्या भिंतीआड बंदोबस्त कडक आहे. केवळ फिरायला आलेल्याची मजल तिथवर जाईलच असे नाही.

डोंगरांच्या बाबतीत स्कायरिमचा ‘थ्रोट ऑफ द वर्ल्ड’ हा त्या जगातला सर्वोच्च पर्वत प्रसिद्ध आहे. आयव्हरस्टेडहून वर जाणाऱ्या वाटेला सात हजार पायऱ्यांची वाट म्हणतात, प्रत्यक्षात पायऱ्या त्याहून कितीतरी कमी आहेत. त्या वाटेवरच्या मठापर्यंत कोणालाही जाता येते, पण अगदी माथ्यावर जाण्यासाठी मुख्य कथेत बरेच पुढे जाऊन वादळ शमवणारी गर्जना शिकावी लागते. गेन्शिनमधल्या लियुएला असली अट नाही. तिथे जवळपास प्रत्येक कडा हातांनी चढता येतो, दम टिकेल तेवढेच चढता येते, आणि माथ्यावरून पंख पसरून दरीत तरंगत उतरता येते. लियुएची घडण चीनमधल्या झांगजियाजियेचे दगडी सुळके आणि ह्वांगलोंगची पायऱ्यापायऱ्यांची कुंडे यांच्याशी उघड नाते सांगते. तळोजा-कल्याण बाजूने मलंगगडाचे सुळके पाहत मोठ्या झालेल्यांना ढगांत रुतलेली ती टोके ओळखीची वाटतील. लियुएचे संगीत शांघाय सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवले आहे, म्हणून हेडफोन लावूनच फिरावे.

गेन्शिन खेळायला पैसे लागत नाहीत आणि तो चांगल्या फोनवरही चालतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण तो सतत इंटरनेट मागतो, फोनची पुष्कळ जागा खातो, आणि नवी पात्रे नशिबाच्या सोडतीतून मिळवायची असल्याने पैसे खर्च करण्याचा मोह पदोपदी उभा करतो. घरातल्या लहान मुलाच्या हाती तो देताना खरेदीला पासवर्ड लावलेला असावा. ज्याला केवळ डोंगर चढायचे आहेत त्याला सुरुवातीला मिळणारी मोफत पात्रे पुरतात.

यंत्राच्या दृष्टीने निर्णय सोपा आहे. जुन्या लॅपटॉपवर २०११ चा मूळ स्कायरिम बऱ्यापैकी चालतो; तूसाँ आणि एल्डन रिंग यांना बरे ग्राफिक्स कार्ड किंवा प्लेस्टेशन-एक्सबॉक्स हवे; केवळ फोन असेल तर लियुए. सगळी यंत्रे हाताशी असणाऱ्याला मात्र मी स्कायरिमच सुचवेन. त्याची चित्रे आज जुनी दिसतात आणि माणसांचे चेहरे तर तेव्हाही फारसे चांगले नव्हते, पण चौघांत निवांत उभे राहण्याची मुभा त्याच्याइतकी कोणी देत नाही. पंधरा दिवसांची सुट्टी असेल आणि कथाही हवी असेल, तर वेलेनपासून सुरुवात करून रीतसर तूसाँला पोहोचावे.

स्कायरिम निवडल्यास पहिल्याच बैठकीत घोडागाडीने रिफ्टनला उतरून तिथून आयव्हरस्टेडपर्यंत फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून क्षणात पोहोचण्याची सोय) न वापरता पायी जावे, आणि निघण्यापूर्वी काठिण्यपातळी सर्वांत खाली आणून ठेवावी. मठाच्या वाटेवर बर्फातला एक ट्रोल, म्हणजे राक्षसी प्राणी, दबा धरून असतो. आगीने त्याला अधिक इजा होते, तेव्हा सुरुवातीला मिळणारा ज्वाळांचा मंत्र हाताशी ठेवूनच पुढची चढण चढावी.