मास्टर क्लॉक आणि ‘लाइफटाइम’ प्लग-इन: सिंकच्या नावाखाली मला काय काय विकलं गेलं

घरी गाणी रेकॉर्ड करताना माझी जुळणी साधी असते. एक ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपात घेणारा डबा), एक माइक, लॅपटॉप आणि सेकंडहँड घेतलेलं एक जुनं ड्रम मशीन. लॅपटॉपवरून मिडी क्लॉक, म्हणजे ठेक्याचा सिग्नल, बाहेर जातो, त्याच्या ठेक्यावर ड्रम मशीन वाजतं आणि तो आवाज मी परत आत घेते. तीन वर्षं यात काही अडलं नाही. मग एका गाण्यात ड्रम पुढे पळायला लागले. गिटार जागेवर, आवाज जागेवर, ठोका मात्र प्रत्येक वेळी आधीच पडायचा. चार रात्री मी त्यात घालवल्या. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, बफर कमीजास्त करून पाहिला. काही फरक पडला नाही.

अशा वेळी माणूस मदतीला आला की आपण त्याला देव मानतो. ओळखीच्या ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. वापरलेलं स्टुडिओचं सामान विकायचा. मी त्याला व्हिडिओ पाठवला आणि दहा मिनिटांत त्याचा फोन आला. “ताई, तुमच्या इंटरफेसचा क्लॉक हलतोय. आतला क्लॉक कधीच पक्का नसतो. मास्टर क्लॉक लावा, सगळं एका रेषेत येईल.” माझ्याकडे अमुक प्लग-इन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) आहेत का, मी कुठल्या सँपल रेटला, म्हणजे सेकंदाला किती नमुन्यांनी, रेकॉर्ड करते, सगळं त्याने विचारलं. बोलण्यात अडखळणं नाही. माझा विश्वास बसला.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण सगळी फसवणूक याच फटीतून आत शिरली. ‘क्लॉक’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. मिडी क्लॉक ठेका सांगतो: चतुर्थांश नोटेला २४ टिकटिक, शिवाय सुरू कर आणि थांब हे संदेश. १२० च्या टेम्पोला साधारण दर २१ मिलिसेकंदांनी एक टिकटिक पडते. वर्ड क्लॉकला यातलं काहीही कळत नाही. तो कन्व्हर्टरला, म्हणजे आवाजाचे आकडे करणाऱ्या भागाला, फक्त सांगतो की आवाजाचा पुढचा नमुना आता घे, आणि हे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा. टेम्पो किती, बार कुठे सुरू झाला, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. दोन-तीन डिजिटल यंत्रं एकमेकांना डिजिटल आवाज पाठवत असतील तर ती एकाच वर्ड क्लॉकवर चालावी लागतात, नाहीतर मध्ये मध्ये कट्‌कट्‌ आवाज येतो. मास्टर क्लॉक म्हणजे हाच वर्ड क्लॉक बाहेरून देणारा डबा. ज्याच्याकडे एकच इंटरफेस आहे त्याला तो बाहेरून द्यायची गरजच नाही. माझ्याकडे एकच होता. त्याने हे विचारून घेतलं होतं आणि तरीही मास्टर क्लॉक माझ्या गळ्यात मारला.

डबा आला. मागे चार बीएनसी सॉकेट, म्हणजे वर्ड क्लॉकची गोल, फिरवून बसवायची जोडणी. माझ्या इंटरफेसला बीएनसी इनपुटच नाही. फोन केला तर म्हणाला, “काही हरकत नाही, अडॅप्टर पाठवतो, एसपीडीआयएफ इनमध्ये, डिजिटल आवाज आत घ्यायच्या सॉकेटमध्ये, लावा.” अडॅप्टरचे पैसे वेगळे. लावला. इंटरफेसवरचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला, एकदाही स्थिर झाला नाही. आज कळतं की तो स्थिर होणं शक्यच नव्हतं. एसपीडीआयएफमध्ये आवाजाचा डेटा आणि क्लॉक एकत्र गुंफलेले येतात. वर्ड क्लॉक म्हणजे नुसती चौकोनी लहर. प्लग बसला म्हणून सिग्नल बसत नाही. तेव्हा मात्र मी त्या दिव्याकडे बघत बसले होते आणि चूक माझीच असणार असं मानत होते.

मग त्याने दुसरा डाव टाकला. “क्लॉक बरोबर आहे हो, तुमचे फुकटचे प्लग-इन क्लॉक पकडत नाहीत. माझ्याकडे पूर्ण संच आहे, लाइफटाइम लायसन्स, मी स्वतः टाकून देतो.” लॅपटॉपचा ताबा मी त्याला इंटरनेटवरून दिला. हे लिहितानाही हात थरथरतो. माझ्या डोळ्यांसमोर त्याने अँटिव्हायरस बंद केला. “मोठी फाइल आहे, मध्ये येतो.” मग काहीतरी टाकलं आणि प्लग-इन उघडून दाखवले. सुंदर दिसत होते. पैसे पाठवले. लायसन्सची पावती मागितली तेव्हा म्हणाला, “ऑथरायझेशन झालंय ना, पावती कशाला?” जाता जाता एक सांगून गेला, प्लग-इन अपडेट करू नका.

तीन आठवड्यांनी एका सकाळी दोन गाण्यांचे प्रोजेक्ट उघडले तर अर्ध्या ट्रॅकवर ‘लायसन्स सापडलं नाही’ अशी पाटी. मी ट्रॅकचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवला नव्हता. गाण्यावर केलेलं सगळं काम त्या प्लग-इनच्या आत अडकलं. त्याला फोन लावला. पहिल्यांदा “बघतो”, मग “कंपनीचा सर्व्हर बंद आहे”, मग फोन उचलेना.

ध्वनिमुद्रण हाच ज्याचा व्यवसाय आहे असा एक मित्र घरी आला. त्याने आधी होस्ट्स नावाची फाइल उघडली. खाली ओळीने १२७.०.०.१ लिहिलेलं आणि प्रत्येक आकड्यापुढे प्लग-इन कंपन्यांच्या लायसन्स सर्व्हरची नावं. १२७.०.०.१ म्हणजे आपलंच मशीन. लायसन्स तपासायला प्लग-इन कंपनीकडे निघाला की त्याला परत घरातच फिरवायचं, अशी ती सोय. पायरेटेड कॉपी होती, दुसरं काही नाही. कंपनीला मेल केला. उत्तर सरळ आलं: तुमच्या नावावर आमच्याकडे कोणतंही लायसन्स नाही.

त्या रात्री आम्ही लॅपटॉप पूर्ण पुसला. मी दुसऱ्या मशीनवरून सगळे पासवर्ड बदलले, बँकेचे सगळ्यात आधी. ज्याने आपल्या मशीनवर बसून अँटिव्हायरस बंद केला त्याने आणखी काय ठेवून दिलं असेल हे कुणी सांगू शकत नाही. तुमच्याबाबतीत असं झालं असेल तर एवढं एक आजच करा, बाकीचं नंतर.

आणि मूळ दुखणं? ते मित्राने वीस मिनिटांत शोधलं. लॅपटॉपच्या आधी केलेल्या जुन्या बॅकअपमधला प्रोजेक्ट उघडून त्याने ड्रमचा पहिला ठोका आणि सॉफ्टवेअरचा क्लिक एकाखाली एक ठेवले, मोठे केले आणि अंतर मोजलं. मग गाण्याच्या शेवटी जाऊन पुन्हा मोजलं. दोन्हीकडे तेवढंच, साधारण ९३ मिलिसेकंद. “क्लॉक हलत असता तर हे अंतर वाढत गेलं असतं,” तो म्हणाला. “ठरावीक आहे म्हणजे कुठेतरी थांबा आहे.” थांबा मास्टर ट्रॅकवर होता, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे. घाईघाईत मी मिक्सिंगचा लिनियर फेज ईक्यू (आवाजाचे जाड-बारीक सूर कमीजास्त करणारा प्लग-इन) रेकॉर्डिंग चालू असतानाच तिथे लावला होता. त्याला विचार करायला ४०९६ नमुने लागतात आणि ४४,१०० ला ते होतात जवळपास ९३ मिलिसेकंद. सॉफ्टवेअर आतले सगळे ट्रॅक तेवढे मागे थांबवून एकमेकांशी जुळवतं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेर जाणारा मिडी क्लॉक मात्र थांबत नव्हता, म्हणून ड्रम मशीन पुढे. ईक्यू बंद केला आणि ठोका जागेवर आला. इंटरफेसचा जो थोडा उशीर उरला तो सिंकच्या सेटिंगमध्ये आकडा टाकून गेला.

सिंकसाठी कुणी काही विकायला लागलं तर आधी त्याला विचारा की सुरुवातीचं आणि शेवटचं अंतर मोजलं का. वापरलेलं प्लग-इन घ्यायचं असेल तर पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर तुमच्या स्वतःच्या खात्यात लायसन्स दिसलं पाहिजे. विकणाऱ्याच्या खात्याचा पासवर्ड म्हणजे लायसन्स नव्हे, तो उद्या बदलतो. काही कंपन्या लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करूच देत नाहीत, ‘नॉट फॉर रीसेल’, म्हणजे पुन्हा विकण्यासाठी नसलेल्या, प्रतींचं तर सहसा होतच नाही, तेव्हा एक मेल कंपनीलाच टाका. आणि लॅपटॉपचा ताबा कुणालाही देऊ नका.

मी तक्रार दिली आहे. चॅट, पैसे पाठवल्याच्या नोंदी, होस्ट्स फाइलचा स्क्रीनशॉट सगळं जोडलं आहे. मास्टर क्लॉकचा डबा माझ्या कपाटात आहे, तिसऱ्या सॉकेटशेजारी त्याला एक तिरका ओरखडा आहे. परवा त्याच माणसाची नवी जाहिरात एका मैत्रिणीने मला दाखवली. फोटोत तोच डबा, तोच ओरखडा, आणि खाली लिहिलंय: ‘ड्रम मशीन सिंकसाठी उत्तम’.