तयार पॉड की भरायचा पॉड? गळती आणि तुंबण्याचा हिशेब

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) विक्रीवर बंदी आली. सिगारेट सोडण्यासाठी व्हेप वापरणाऱ्या तिथल्या लोकांपुढे आता मुख्यतः दोन पर्याय आहेत: तयार भरलेला पॉड (व्हेपमध्ये बसणारी निकोटीनच्या द्रवाची छोटी डबी) किंवा बाटलीतून स्वतः भरायचा. (भारतात २०१९ च्या कायद्याने दोन्हींची विक्री बंद आहे.)

तयार पॉडची कटकट कमी, पण इलाजही कमी. झुरका जड जाऊ लागला तर बहुतेक वेळा तोंडाशी वाफेचं पाणी साठलेलं असतं. पॉड काढून टिश्यूवर झटका, खालच्या धातूच्या टोकांवरचा चिकटा पुसा. तरी जमलं नाही, तर पॉड बदलणं आलंच.

भरायच्या पॉडमध्ये दोष शोधता येतो. पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल) आणि व्हीजी (ग्लिसरीन) ५०:५० असलेला पातळ द्रव मोठ्या छिद्रांच्या कॉइलमध्ये (कापसातला द्रव तापवून वाफ करणारा भाग) घातला की पाझरतो. उलट ७० टक्के व्हीजीचा दाट द्रव बारीक कॉइलच्या कापसात वेळेवर शिरत नाही, कापूस जळतो आणि करपट चव येते. नवी कॉइल भरल्यावर दहा मिनिटं तशीच राहू द्या. गोड स्वादांतल्या सुक्रालोज या कृत्रिम गोडव्यामुळे कॉइलवर काळा थर धरतो. तो घासत बसू नका, कॉइल बदला.

विमानात दोन्ही गळू शकतात: केबिनमधला दाब घटला की पॉडमधला बुडबुडा फुगून द्रव बाहेर ढकलतो. भरायचा पॉड आधी रिकामा करता येतो, म्हणून माझं मत त्यालाच. फक्त भरताना द्रव हाताला लागला तर लगेच साबणाने धुवा आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. निकोटीन विषारी आहे.