बिव्हेरिया पावडर: मुंग्या मेल्या, राण्या मजेत

पाचपैकी दोन स्टार. त्यातला एक तर पावडरीतली किडे मारणारी बुरशी जिवंत निघाली एवढ्यासाठीच.

त्या लांब पायांच्या पिवळट मुंग्या, क्रेझी अँट म्हणतात त्या, वेड लागल्यासारख्या सैरावैरा पळतात. कुंड्या, पाईप, स्विचबोर्ड काही सोडलं नाही, वर झाडांवर मिलीबग (रस शोषून गोड चिकटा सोडणारे पांढरे किडे) पाळून ठेवलेत ते वेगळंच. केमिकल नको म्हणून ही बिव्हेरिया बॅसियाना मागवली. पाकिटावर एका ग्रॅमला १० कोटी जिवंत बीजाणू आणि मोठ्या अक्षरात ‘वारूळ मुळासकट साफ’.

माती ओली करून संध्याकाळी टाकली, कारण उन्हात बीजाणू मरतात आणि कोरड्यात रुजत नाहीत (हे पाकिटावर का नाही लिहिलंय देव जाणे). पाचव्या दिवशी कुंडीच्या कडेला मेलेल्या मुंग्यांचा बारीकसा ढीग. त्यातल्या दहाबारा उचलून डबीत ओल्या कापसावर ठेवल्या, म्हटलं बघू तरी, तर चार दिवसांनी पायांच्या सांध्यांतून पांढरी लव फुटलेली! म्हणजे माल खरा आहे, मानलं.

पण तो ढीग कुणी घातला? मुंग्यांनीच. मेलेली दिसली की उचलून बाहेर. जिवंत असतात त्या एकमेकींना चाटून बीजाणू काढत बसतात. बुरशी अंगातून बाहेर फुटायच्या आधीच मढं घराबाहेर, मग साथ पसरणार कशी? आठवडाभरात अख्खं बिऱ्हाड अंडी-अळ्यांसकट शेजारच्या कुंडीत. आणि या जातीत एका वारुळात राण्या बऱ्याच असतात, एक मारून भागत नाही. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे डोस वाढवा.

रोगाने वारूळ खरंच संपतं, नाही असं नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये टॉनी क्रेझी अँट नावाची दक्षिण अमेरिकेतून आलेली मुंगी आहे, तिला मायर्मेकोमॉर्बा नावाचा सूक्ष्म परजीवी लागतो. तो तिच्या चरबीच्या पेशींत शिरून तिथेच बीजाणू बनवत बसतो, मुंगी लगेच मरत नाही, कामाला जाते, अळ्यांना भरवते आणि भरवता भरवता रोग देते. २०१६ मध्ये एडवर्ड लब्रन नावाचे संशोधक आणि त्यांच्या टीमने तिथल्याच एस्टेरो लानो ग्रांदे पार्कात आजारी मुंग्यांच्या पेट्या ठेवल्या, आजूबाजूला हॉटडॉगचे तुकडे टाकले म्हणजे दोन्हीकडच्या मुंग्या खायला एकत्र येतील. वर्षभरात रोग सगळीकडे, दोन वर्षांत संख्या कोसळली, नंतर मुंगी दिसेनाच. या मुंग्यांची वारुळं आपसात भांडत नाहीत, सगळं एकच खटलं, त्यामुळे रोगालाही दार उघडंच. पण तो परजीवी त्या टॉनी मुंगीचा, पाकिटात मिळत नाही आणि माझ्या मुंग्यांवर चालेल असंही नाही.

तेव्हा वारुळासाठी ही पावडर घेऊ नका. उरलेलं अर्धं पाकीट पाण्यात कालवून मी मिलीबगवरच फवारलं, ढगाळ दिवस बघून, आठ दिवसांच्या अंतराने दोनदा. ते बरेच गळले, आणि गोड चिकटा मिळेना म्हटल्यावर त्या झाडावरची मुंग्यांची रांगही पातळ झालीय. दुसरा स्टार त्याचा.