चुना, डिस्टेंपर की इमल्शन: खानदेशातील घरांच्या आतल्या भिंतींसाठी

खोली रंगवण्याचा विषय निघाला की दुकानदार शेडकार्ड पुढे करतो आणि चर्चा फिकट पिवळा की मोरपंखी एवढ्यावरच अडते. वास्तविक चुना, डिस्टेंपर (खडूच्या भुकटीचा, पाण्यात कालवायचा रंग) आणि इमल्शन (वाळल्यावर प्लास्टिकसारखा थर धरणारा रंग) यांपैकी काय लावायचे हे आधी ठरवले पाहिजे, आणि ते भिंत कशाची आहे यावरून ठरते.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेड्यांत धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरे अजून नांदती आहेत. त्यांच्या जाड मातीच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात आणि पुढे हळूहळू सोडतात. अशा भिंतीला चुनाच योग्य, कारण तो ओलीची वाट अडवत नाही. इमल्शनचा मात्र वर पापुद्रा बसतो, ओल मागे कोंडते आणि मातीच्या थरासकट पोपडे सुटू लागतात. महागडा रंग लावूनही भिंत खराब होते ती यामुळेच. चुन्याचे दोष उघड आहेत: टेकून बसले की पाठ पांढरी होते आणि डाग पुसता येत नाही. डिंक किंवा सरस मिसळल्याने हे थोडे कमी होते, निळीने पिवळसरपणा जातो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येण्याआधी घर पोतारायचे असेल, तर एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्यात थोडी ओल टिकावी लागते. वैशाखातल्या तापलेल्या भिंतीवर तो घट्ट होण्याआधीच वाळतो आणि भुकटी होऊन झडतो. म्हणून भिंतीवर आधी पाणी मारावे, चुन्याचे हात (थर) पातळ द्यावेत आणि काम सकाळी उरकावे. कळीचा (न विझवलेला) चुना पाण्यात टाकताच उकळतो, तेव्हा मुलांना लांब ठेवावे आणि डोळे जपावेत.

सिमेंटच्या गिलाव्यावर खरी निवड डिस्टेंपर आणि इमल्शन यांच्यात असते. डिस्टेंपर स्वस्त पडते आणि त्याच्या चमकरहित पोतामुळे भिंतीचे उंचसखल डोळ्यांत भरत नाही. मात्र ओले फडके वारंवार फिरवले की रंग उतरतो. छत, माडीवरची कमी वापराची खोली किंवा भाड्याने द्यायची खोली यांसाठी ते पुरेसे आहे. जिथे रोज फोडणीचा तेलकट धूर होतो आणि भरताची वांगी भाजली जातात, त्या स्वयंपाकघराला किंवा लहान मुले असलेल्या खोलीला इमल्शनच घ्यावे, कारण त्याचा वाळलेला थर पुसता येतो.

इमल्शनचा खर्च डब्याच्या किमतीवरून मोजणे फसवे ठरते, कारण त्याखाली पुट्टी (भिंत सपाट करणारा लेप), घासकाम आणि प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर) लागतो, आणि मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो. १० × १२ फुटांच्या, १० फूट उंचीच्या खोलीच्या भिंती ४४० चौरस फूट भरतात. दारे-खिडक्या वगळता सुमारे ३९० उरतात, आणि दोन हातांसाठी साधारण चार लिटर रंग लागतो. उन्हाळ्यात रंगाची कडा लगेच वाळते आणि पुढचा हात तिच्यावर आला की पट्टे उमटतात, त्यामुळे एक भिंत एका दमात पुरी करावी आणि गरम वाऱ्याच्या बाजूची खिडकी लावून घ्यावी.

जुन्या थरावर तळहात घासून पाहावा. पांढरी भुकटी आली तर तो थर खरवडून धुतल्याशिवाय वर काहीही टिकणार नाही. नवा गिलावा असल्यास निदान चार आठवडे थांबावे, आणि ओल गळक्या नळातून किंवा छतातून येत असेल तर ती दुरुस्ती आधी करावी.

तापीकाठच्या काळ्या मातीवरील घरांचा प्रश्न वेगळा आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे बुजवलेली भेग पुन्हा त्याच जागी उघडते. अशा भिंतीवर सध्या साधे डिस्टेंपर लावून भागवावे. भेग वर्षभर वाढली नाही तर ती भरून इमल्शनचा खर्च करावा, आणि वाढत गेली तर रंगाऱ्याआधी जाणकार गवंड्याला किंवा अभियंत्याला दाखवावी.