भारतात राहून मिळूच शकत नाही असं प्रमाणपत्र मला विकलं गेलं

बीसीबीए, म्हणजे बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर ॲनालिस्ट, हे वर्तन विश्लेषकाचं प्रमाणपत्र अमेरिकेतलं बीएसीबी नावाचं मंडळ देतं. १ जानेवारी २०२३ पासून हे मंडळ भारतात राहणाऱ्या माणसाचा नवा अर्ज घेत नाही. त्याच्या खालच्या पायरीचं आरबीटी, म्हणजे रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन, हे प्रमाणपत्रही आपल्याला इथं बसून मिळत नाही. ही गोष्ट मला वेळेवर कोणी सांगितली असती तर माझ्या आईच्या पाटल्या सोसायटीत गहाण पडल्या नसत्या, म्हणून ती सगळ्यात आधी लिहिते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात सध्या जे कोणी असल्या कोर्सची चौकशी करत आहेत, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. एवढं मात्र लक्षात ठेवा.

माझं एम.ए. मानसशास्त्रात झालं आहे. माझा भाचा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. तो तीन वर्षांचा असताना ताईची जी धावपळ झाली ती मी जवळून पाहिली. आमच्या सीमाभागात अशा मुलांसाठी काम करणारी माणसं फार थोडी. निपाणीकडचे पालक कोल्हापूर गाठतात, खानापूरच्या रानाकडच्या गावांतून आया पोराला कडेवर घेऊन एसटीने बेळगावला येतात. मुलाच्या वागण्याआधी काय घडलं, तो नेमकं काय करतो आणि त्यानंतर त्याला काय मिळतं, हे नीट नोंदवून त्याला नवं कौशल्य शिकवायचं, असं हे वर्तन विश्लेषणाचं शास्त्र. त्याच्या पद्धतींवर वाद आहेत, स्वमग्न माणसांचे स्वतःचेही आक्षेप आहेत, आणि ते ऐकायलाच हवेत. पण चांगल्या हातात हे काम मुलाला पाणी मागायला, दुखतंय हे सांगायला शिकवू शकतं. मला ते मनापासून करायचं होतं, आजही करायचं आहे.

मी ज्या संस्थेत पैसे भरले तिची जाहिरात मराठी आणि कन्नड दोन्हीत होती. आधी आरबीटी, मग सहा महिन्यांत बीसीबीए, नंतर दुबई नाहीतर अमेरिका, असा क्रम संस्था चालवणाऱ्या मॅडमनी फळ्यावर लिहून दाखवला. फी एक लाख चाळीस हजार, तीन हप्त्यांत. पैसे संस्थेच्या नव्हे, मॅडमच्या भावाच्या खात्यावर घेतले. पावतीवर छापलं होतं 'मार्गदर्शन शुल्क'. माझे बाबा परिवहन महामंडळात कंडक्टर होते, आयुष्यभर तिकिटं फाडलेला माणूस. त्यांनी पावती उलटसुलट करून विचारलं, "कोर्सचं नाव कुठं हाय गं हिच्यावर?" मॅडमचं उत्तर होतं की परदेशी कोर्सची पावती अशीच द्यावी लागते. हे खोटं होतं. कोर्सचं नाव, कालावधी आणि देणाऱ्या मंडळाचं नाव नसलेली पावती कुणीही दिली तर तिथंच थांबा.

त्यांचं बोलणं पटायचं, कारण त्यातला प्रत्येक तुकडा अर्धा खरा होता. भारतात बीसीबीए आहेत का? आहेत. २०२३ च्या आधी ज्यांनी ते मिळवलं आणि नूतनीकरण चालू ठेवलं, त्यांचं प्रमाणपत्र टिकून आहे. त्यांचे फोटो दाखवून मॅडम म्हणायच्या, हे बघा, हे पण आपलेच लोक. दार बंद होण्याआधी ते आत गेले होते, हे त्या सांगत नव्हत्या. मंडळाने हा बदल २०१९ मध्येच जाहीर केला होता, म्हणजे जाहिरात छापताना संस्थेला तो माहीत नसणं शक्य नाही.

दुसरा अर्धा खरा तुकडा ४० तासांचा. आरबीटी होण्यासाठी ४० तासांचं प्रशिक्षण लागतं हे बरोबर. पण त्यानंतर प्रत्यक्ष कौशल्याची चाचणी असते, पार्श्वभूमीची तपासणी असते, मंडळाची परीक्षा असते. एवढं सगळं झालं तरी आरबीटी हा तंत्रज्ञच असतो. त्याने पर्यवेक्षकाने आखलेली योजना राबवायची, स्वतः योजना आखायची नाही. आमच्या हातात ४० तासांचे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ संपल्यावर सोनेरी शिक्क्याचा जाड कागद दिला गेला, त्यावर लिहिलेलं 'प्रमाणित वर्तन विश्लेषक, आंतरराष्ट्रीय'. माझ्यासोबत फक्त बारावी झालेली एक मुलगी होती. तिलाही तोच कागद मिळाला. बीसीबीएला पदव्युत्तर पदवी लागते हे तिला कोणी सांगितलंच नाही, आणि तिच्या आईने भिशीचे पैसे काढून हप्ता भरला होता.

सहा महिन्यांचं आश्वासन तर साध्या भागाकाराने खोटं ठरतं. बीसीबीएसाठी पर्यवेक्षणाखालचं २००० तासांचं प्रत्यक्ष काम लागतं. जास्त कडक पर्यवेक्षण असेल तर १५००. एका महिन्यात ठरावीक तासांपेक्षा जास्त धरले जात नाहीत. १५०० ला सहाने भागा, महिन्याला २५० तास होतात. इतके तास मंडळ एका महिन्यात धरतच नाही. हा हिशेब कोणत्याही संस्थेसमोर बसून, कागदावर, त्यांच्यादेखत करा.

याच 'प्रत्यक्ष कामाच्या तासां'च्या नावाखाली आमच्याकडून फुकट काम करून घेतलं गेलं, आणि पैशांपेक्षा मला हे जास्त लागतं. संस्थेचं स्वतःचं थेरपी सेंटर होतं. आम्ही रोज तिथे मुलांना घेऊन बसायचो. पालकांकडून प्रत्येक सत्राचे सहाशे रुपये घेतले जात आणि त्यांना सांगितलं जाई की ताई सर्टिफाइड आहेत. आम्हाला एक रुपया नाही, उलट आम्हीच फी भरलेली. तासांच्या वहीवर ज्या पर्यवेक्षकाची सही व्हायची तो महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर दिसायचा, तोही पंधरा मिनिटं.

तिथे खानापूरकडचा एक पाच वर्षांचा मुलगा यायचा. घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड, आणि सेंटरमध्ये त्याला सगळ्या सूचना इंग्रजीत. काही आठवड्यांपासून तो स्वतःच्या कानावर बुक्क्या मारत होता. मॅडमनी सरळ सांगितलं, लक्ष वेधायला करतो, बघायचंच नाही, आपोआप बंद होईल. आता, वागणं कशासाठी आहे हे शोधणं हाच या शास्त्राचा पाया. लक्ष मिळवण्यासाठी, नको असलेलं काम टाळण्यासाठी, हवी ती वस्तू मिळवण्यासाठी की शरीरातल्याच कुठल्या संवेदनेमुळे, हे नोंदी करून ठरवायचं असतं. आणि त्याच्याही आधी दुखणं तर नाही ना हे डॉक्टरकडून पाहून घ्यायचं असतं. मी नोंदी ठेवल्या. खोलीत कोणी नसतानाही तो मारत होता, आणि नेहमी डाव्याच कानावर. मी त्याच्या आईला बाजूला घेऊन म्हटलं, "वहिनी, आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा." कान आतून पिकला होता. औषध सुरू झालं आणि आठवडाभरात त्याचा हात कानाकडे जायचा थांबला. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याचं दुखणं 'दुर्लक्ष करा' म्हणून मोडीत काढणारी माणसं आमच्या भागातल्या पालकांकडून सहाशे रुपये घेत होती, आणि त्यांच्या हाताखाली आम्ही 'विश्लेषक' तयार होत होतो. या प्रकारानंतर मला सेंटरच्या आतल्या खोलीत बोलावून, पालकांशी परस्पर बोलायचं नाही, अशी ताकीद मिळाली.

परीक्षेची तारीख विचारली की हुबळीचं केंद्र बंद आहे, बंगळूरला जागा नाही, पुढच्या महिन्यात बघू, अशी उत्तरं यायची. शेवटी मी मंडळाच्या संकेतस्थळावर गेले आणि कोणत्या देशात राहणाऱ्यांचे अर्ज घेतले जातात ते वाचलं. अमेरिका, कॅनडा अशा मोजक्या देशांची नावं होती, भारत नव्हता. त्याच संकेतस्थळावर प्रमाणपत्रधारकांची नोंदवही सगळ्यांसाठी खुली आहे, नाव टाकून शोधता येतं, पैसे लागत नाहीत. आमच्या वहीवर सही करणाऱ्या पर्यवेक्षकाचं नाव मी निरनिराळ्या स्पेलिंगने टाकून पाहिलं. ते नाव तिथे नव्हतं. म्हणजे दार उघडं असतं तरी आमचे तास कवडीमोल होते.

पैसे परत मागितल्यावर आधी गोड बोलणं, मग फोन न उचलणं, मग व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकणं, आणि शेवटी बदनामीचा दावा लावू अशी नोटिशीची धमकी. इथे सीमाभागाची एक खास अडचण सांगते. संस्थेची नोंदणी कोल्हापूरची, वर्ग बेळगावात, खातं पुण्याच्या शाखेतलं. बेळगावच्या ठाण्यात म्हणाले कोल्हापूरला जा, कोल्हापुरात म्हणाले घटना कर्नाटकातली आहे. असं कुणी पिटाळलं तर गप्प परतू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची असते, झिरो एफआयआर म्हणतात ते हेच. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. मी मराठीत लिहिलेला अर्ज शेजारच्या अक्कांनी कन्नडमध्ये करून दिला, तेव्हा कुठे इथल्या ठाण्यात तो पुढे सरकला. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा. जितका उशीर, तितके पैसे अडवून ठेवणं कठीण.

ग्राहक आयोगाची वाट मला जास्त उपयोगी पडली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, संस्थेच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रारीआधी १९१५ या हेल्पलाइनवरही बोलता येतं. माझी तक्रार दाखल झाली आहे, निकाल अजून यायचा आहे.

हे काम शिकायची ज्यांची खरी इच्छा आहे त्यांना मी अजिबात मागे ओढत नाही. आपल्या देशात पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांसाठी १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद (आरसीआय) आहे. विशेष शिक्षणाची पदविका, बी.एड., चिकित्सक मानसशास्त्र, वाचा व श्रवण अशा अभ्यासक्रमांना तिची मान्यता लागते. मान्य संस्थांची राज्यवार यादी तिच्या संकेतस्थळावर मिळते, आणि पास झाल्यावर केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत आपला क्रमांक पडतो. 'वर्तन विश्लेषक' अशी स्वतंत्र नोंदणी परिषदेकडे नाही, तेव्हा कोणी 'आरसीआय मान्य बिहेवियर ॲनालिस्ट' म्हणून काही विकत असेल तर ते नाव यादीत दाखवायला सांगा. आयबीएओ आणि क्यूएबीए ही मंडळं भारतात राहणाऱ्यांनाही आपली वर्तन विश्लेषणाची प्रमाणपत्रं देतात. ती खासगी मंडळं आहेत, सरकारी परवाना नव्हे. त्यांच्या अटी आणि फी त्यांच्याच संकेतस्थळावर वाचा, मधल्या माणसाच्या माहितीपत्रकात नको. मी स्वतः आता परिषदेच्या मान्यतेची विशेष शिक्षणाची पदविका करायचं ठरवलं आहे.

आणि ज्यांनी अशाच कुठल्या संस्थेत पैसे भरले आहेत त्यांच्यासाठी: पावत्या, बँकेचे उतारे, ग्रुपमधले संदेश, तासांच्या वहीचे फोटो आजच वेगळे काढून ठेवा. ग्रुपमधून काढलं की जुने फोटो आणि फाइली पुन्हा उतरवून घेणं अवघड जातं. आम्ही तिघींनी आपापल्या वेगळ्या तक्रारी दिल्या आहेत. ती बारावीची मुलगी तिसरी.